पाकोळीची चोच

हे घडलेलं आहे.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. तुम्ही ठेवलात तर मला काही मिळणार नाही, आणि न ठेवलात तर तुमचं काही जाणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरात घडलंय, आणि त्या घरात मी जेवलोय, पाय पसरून झोपलोय. सांगताना तिनं एकच अट घातली... नावं लिहायची नाहीत. मी तिला ताई म्हणतो. इथेही ताईच म्हणेन.

बंदराचं गाव. गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ताईचं टॅटूचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. मध्ये दार नाही, नुसता एक जाड पडदा.

ज्या संध्याकाळबद्दल सांगायचंय, त्या संध्याकाळी तो पडदा ओढलेला होता.

पण आधी थोडं मागे जाऊ.

ताईच्या दुकानात भिंतीवर एक मोठा तक्ता लावलाय. त्यावर लोकांच्या आवडीची चित्रं आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ. नांगर म्हणजे पाय घट्ट रोवलेले. होकायंत्र म्हणजे वाट न चुकणारा. पिसातून उडालेले पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. आडवा आठ म्हणजे कधी न संपणारं प्रेम. हा आडवा आठ काढून घ्यायला जोडपी हातात हात घालून येतात, आणि वर्षभरात त्यांतलं एकेक जण वेगवेगळं येतं, "यावर काहीतरी काढून झाकता येईल का?" विचारत.

ताईचा यातल्या एकाही अर्थावर विश्वास नव्हता. "अर्थ गिऱ्हाइकाला लागतो. मला फक्त रेघ सरळ लागते," असं ती म्हणायची.

तक्त्यावर सगळ्यात वर पाकोळी होती. शेपटीला दोन टोकं असलेला तो छोटा पक्षी. कितीही लांब गेला तरी बरोबर त्याच घरट्याला परत येणारा. हे खलाशांचं आवडतं चित्र. गेलेला माणूस सुखरूप परत येतो, हा त्याचा अर्थ. आणि तो बुडालाच, तर पाकोळी त्याचा जीव चोचीत धरून घरी पोचवते, असं खलाशी म्हणतात.

पण त्यात एक मेख आहे. चोच काळजाच्या दिशेला असेल तर ती येणारी पाकोळी. चोच काळजाकडून बाहेर असेल तर ती जाणारी. ती निरोपाची. म्हणून पाकोळी मागणाऱ्या प्रत्येकाला ताई पहिला प्रश्न विचारायची, "चोच कुणीकडे?"

ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, मालवाहू जहाजावर फिटर. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. अबोल माणूस. हातात पाना दिला की खूष. स्वयंपाकघरात मात्र पाय ठेवायचे नाहीत. पाणीसुद्धा जागेवर मागायचे.

त्यांचा जहाजावरचा जिवलग म्हणजे तिथला आचारी. तो याच गावचा. टायरच्या दुकानाच्या वर राहायचा. भाऊजी जेवढे गप्प, तेवढा हा बोलघेवडा. स्वतःच विनोद करायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

शेवटच्या सफरीवर निघायच्या आदल्या दुपारी दोघं दुकानात आले. दोघांनाही पाकोळी हवी होती. छातीवर, डाव्या बाजूला, चोच काळजाकडे.

ताईनं एकाच चित्रावरून कातडीवर उमटवायचे दोन कागदी छाप काढले. आधी भाऊजींचं झालं. ते ओठ मिटून पडून राहिले. मग आचारी बसला. मशीन सुरू असताना त्याला कसला तरी विनोद आठवला आणि तो गदगदून हसला...

सुई घसरली.

पाकोळीच्या शेपटीचं एक टोक तोकडं राहिलं, आणि त्याची रेघ जराशी बाहेर वळली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दुरुस्त करायला निघाली, तर यानं हात आडवा घातला.

"राहू द्या हो. समुद्रात गेलो तर ओळख पटवायला बरं."

भाऊजी तेव्हा चिडले होते. निघताना असलं बोलू नये म्हणाले. ताईनं दोघांना शेजारी उभं करून छातीचा फोटो काढला, आणि दुकानात लावला.

सफर संपवून जहाज परत आलं, ते बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. खलाशांना किनाऱ्यावर आणायला छोटी बोट गेली. दाट धुकं होतं. घर डोळ्यांसमोर असताना ती बोट उलटली.

बाकीचे पोहत, फळ्या धरत कसेबसे आले. भाऊजी आणि आचारी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी सापडले. खडकात अडकलेले, निळे पडलेले. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणे. मग कुणीतरी ओरडलं, श्वास चालू आहे.

आचारी सापडलाच नाही.

ताईनं तेव्हा देवापुढे, डॉक्टरांपुढे, त्या खडकापुढेही हात जोडले. तिला तिचा माणूस परत मिळाला होता. तिला जगात आणखी काही नको होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिनं जे केलं ते याच्याच पायी केलं.

भाऊजी दवाखान्यातून घरी आले.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

दार उघडंच होतं. तरी ते बाहेर उभे राहिले. ताई "ये ना आत" म्हणाली, तेव्हा आत आले. अशक्तपणा असेल, ती मनात म्हणाली.

रात्री ते पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपले. ती बाजू कायम ताईची.

दिव्याचं बटण शोधत त्यांचा हात भिंतीवर फिरत राहिला. ज्या माणसानं ती वायर स्वतः ओढली होती, त्याचा.

धक्का बसलाय, विसर पडतोच, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं मान डोलावली.

मग एका दुपारी ती दुकानात एका मुलीच्या खांद्यावर पीस काढत होती. पडद्यामागून आवाज आला...

टक टक टक टक टक.

लाकडी पाटावर सुरी चालत होती. भरभर. एकसारखी. शंभर माणसांचा स्वयंपाक करायची सवय असलेल्या हातानं चालवावी तशी.

ताईनं पडदा सारला. भाऊजी कांदा चिरत होते. कागदासारख्या पातळ चकत्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"हे कधी शिकलास तू?"

ते थांबले. जरा जास्तच वेळ थांबले.

"जहाजावर. त्याच्याकडून."

उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक वेळी असंच व्हायचं. काही विचारलं की उत्तर तयार, उत्तर पटण्यासारखं, आणि तरीही ताईच्या मनातली पाल चुकचुकायची थांबत नव्हती.

त्यातच ते दुपारचे बाहेर पडू लागले. "पाय मोकळे करून येतो," म्हणायचे आणि तासभर यायचे नाहीत. ताईला आता सरळसरळ वेगळाच संशय आला. तुम्हाला आला असता तोच. एक दिवस तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि ती त्यांच्या मागे गेली.

भाऊजी थेट टायरच्या दुकानासमोर गेले. रस्त्याच्या पलीकडे थांबले. वरच्या खिडकीकडे बघत राहिले.

वर आचाऱ्याची बायको शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे उसवून, बेतून द्यायचं काम करायची ती.

भाऊजी रस्ता ओलांडून जिन्यापाशी गेले. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. मागे घेतलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा मागे घेतलं.

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. हे कधीपासून चाललंय? मित्र बुडाला आणि हे...

घरी आल्यावर तिनं तोंडावरच विचारलं. "तिच्याकडे काय काम असतं तुझं?"

ते चिडले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "भेटावंसं वाटतं. धीर होत नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

मित्र गेला, आपण वाचलो. त्याच्या बायकोला तोंड दाखवायची लाज वाटणारच. ताई खजील झाली. त्या रात्री तिनं त्यांच्या केसांतून हात फिरवला. केस ओलसर होते. अंघोळ सकाळीच झाली होती.

एक गोष्ट मी सांगायची राहिली. घरी आल्यापासून भाऊजी सदरा काढत नव्हते. उकाडा असो, झोपताना असो, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खडकावर अंग सोललंय, बघू नकोस, असं म्हणायचे.

रविवारी दुपारी ते गाढ झोपले होते. बाहेर लख्ख ऊन. वरची दोन बटणं सुटली होती.

ताईनं सदरा अलगद बाजूला केला.

अंग कुठेही सोललेलं नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. पाकोळी जागच्या जागी होती. चोच काळजाकडे. पंख बरोबर. आणि शेपटी...

शेपटीचं एक टोक तोकडं होतं.

रेघ जराशी बाहेर वळलेली.

ताई उठली. दुकानातून भिंग आणलं, छोटा दिवा आणला. तिला वाटत होतं नजर चुकली असेल. पण टॅटू करणारा एक वेळ स्वतःची सही विसरेल, स्वतःची घसरलेली रेघ विसरत नाही. सुई कुठे उडाली, कुठे जास्त खोल गेली, शाई कुठे पसरली, सगळं तिला पाठ होतं.

ही तिचीच चूक होती. पण ती या छातीवर झाली नव्हती.

ती भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. फोटोत दोघं शेजारी उभे. भाऊजींची शेपटी पूर्ण. आचाऱ्याची तोकडी. ती परत आत आली. चेहरा भाऊजींचा. कानामागचा तीळ भाऊजींचा. करंगळीचं लहानपणी मोडलेलं हाड भाऊजींचं.

"काय बघतेस?"

डोळे उघडे होते. कधीपासून उघडे होते कोण जाणे.

"तुझी शेपटी... तोकडी कशी झाली?"

"घासली असेल खडकावर."

शाई कातडीच्या आत असते. ती घासून जात नाही. ती जायची तर कातडीच जावी लागते. हे ताईला ठाऊक होतं. ते तिला ठाऊक आहे, हे समोरच्यालाही ठाऊक होतं.  मग त्यानं शांतपणे बटणं लावली आणि विचारलं, "चहा टाकू?"

ताई "हो" म्हणाली.

मी तिला नंतर विचारलं, तू त्याच क्षणी घराबाहेर का पळाली नाहीस? ती म्हणाली, "पळून कुणापासून लांब जायचं होतं? चेहरा त्याचा होता रे. हात त्याचे होते. मी एकदा त्याला मेलेला समजून रडले होते. मला दुसऱ्यांदा रडायचं नव्हतं."

आता ती संध्याकाळ.

दिवे लागायची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पडदा ओढलेला. मागे सुरी चालू होती. टक टक टक.

दारात आचाऱ्याची बायको उभी होती.

बाई वाळून गेली होती. बोटाला दोऱ्याचे काप पडलेले. ती खुर्चीत बसली, डावा हात पुढे केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं.

"इथे पाकोळी काढायची, ताई. त्यांच्या छातीवर होती तशी."

मागची सुरी थांबली.

"अचानक मनात आलं?" ताईनं विचारलं.

"ते सांगायचे ना. बुडालेल्याला ही घरी आणते म्हणून. त्यांचं काहीच सापडलं नाही हो. चप्पलसुद्धा नाही. एकदा तरी यावेत. जसे असतील तसे यावेत. मी दार उघडीन."

पडद्यामागे काहीही हललं नाही. भांडं नाही, पाऊल नाही...

ताईनं नजर खाली नेली.

पडद्याच्या खालच्या काठातून दोन पायांची बोटं दिसत होती. दुकानाकडे वळलेली. अगदी पडद्याला टेकलेली.

ताईनं हातमोजे चढवले. मनगट पुसलं, कोरडं केलं. छापाचा कागद कापून हातात घेतला. आणि मग तिनं रोजचा प्रश्न विचारला नाही.

मनगटावर चोच कोपराकडे ठेवली, तर ती काळजाकडे येणारी. बोटांकडे ठेवली, तर जाणारी. एवढासा कागद. नुसता फिरवायचा.

कोपराकडे ठेवली की हिचा माणूस हिच्याकडे जाईल. मग पडद्यामागे काय उरेल? खडकात सापडलं होतं ते? निळं पडलेलं?

जी अर्थांना कधी भीक घालत नव्हती, ती आता एका अर्थाला घाबरली होती.

तिनं कागद फिरवला. चोच बोटांकडे ठेवून दाबला, आणि उचलला.

बाईनं मनगटाकडे बघितलं. "तोंड बाहेर आहे ना हिचं? बरोबर आहे का हे?"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "येणारी अशीच काढतात."

पडद्यामागून कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. लांब. भाऊजींना असा श्वास सोडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

मशीन सुरू झालं. रेघ एकदाही हलली नाही. बाई डोळे मिटून बसली होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सुईमुळे नाही, हे ताईला कळत होतं.

काम संपता संपता मागे सुरी पुन्हा चालू झाली.

त्यानंतर घर शांत झालं. भाऊजींचं दुपारचं बाहेर जाणं थांबलं. ते ताईच्या पाठीवरून हात फिरवायचे, गरम जेवण वाढायचे, विनोद सांगायचे आणि आधी स्वतः हसायचे. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. ताई हसायची. तिनं मनाची समजूत घातली होती. ती बाई रडून रडून एक दिवस सावरेल. आपलं घर तर वाचलं.

खपली धरून, गळून, नवी कातडी यायला जेवढे दिवस लागतात तेवढे गेले.

एका सकाळी आचाऱ्याची बायको पुन्हा आली. पाकोळी छान बसली होती. बाईचा चेहरा मात्र उतरलेला.

"ताई, तुमची पाकोळी खरी निघाली," ती म्हणाली. "आलं होतं कुणीतरी."

ताईच्या हातातली शाईची बाटली तशीच राहिली.

"कोण?"

"दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. चढताना पाणी निथळल्याचा आवाज. मी धावत दाराशी गेले. कडीला हात घातला. म्हटलं, आलात का हो? तर बाहेरून काही बोलेना. ते आले असते तर गप्प राहिले असते का? जिन्यावरूनच बडबडत आले असते."

"मग?"

"मग बोललं. तोंडात पाणी धरून बोलावं तसं." बाईनं आवाज खाली आणला. "वहिनी, म्हणालं. माझ्या घरात माझ्या जागेवर कुणीतरी निजलंय, वहिनी. मी कुठे जाऊ?"

ताईनं हातातल्या बाटलीचं झाकण लावलं.

"तुम्हीच सांगा, माझा नवरा मला वहिनी कशाला म्हणेल? कुणीतरी भलतंच आलं होतं. चार-पाच दिवस रोज यायचं. तेच एक वाक्य. मी घाबरून गेले हो. शेवटी मी दाराआडून ओरडले, तुम्ही जे कोण असाल ते जा, पुन्हा येऊ नका, माझ्या माणसाला पाठवा."

"आणि?"

"गेलं. खाली उतरून गेलं. पुन्हा काही आलं नाही."

 ताईला विचारायचं होतं, आवाज थकलेला होता का? थंडीनं कुडकुडत होता का? दुसरं काही म्हणाला का? माझं नाव घेतलं का? पण त्यातला एकही प्रश्न त्या बाईला विचारता येण्यासारखा नव्हता.

पडद्यामागून हाक आली. "कोण आलंय गं?"

खुर्चीतली बाई दचकली. तिनं पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे. आवाज भाऊजींचाच होता. पण ती बोलण्याची ढब...

"कुणी नाही," ताई म्हणाली.

बाई खुर्चीतून उठली आणि पडद्याकडे बघत दारापर्यंत गेली. मग रस्त्याला लागली. तिनं ओळखलं की नाही, हे ताईला आजही सांगता येत नाही. पण ती कधीतरी परत येईल, या धास्तीनं ताई दुकानाचं दार वाजलं की अजून दचकते.

ताईनं मला हे सगळं सांगितलं तेव्हा ती ढसाढसा रडली. "तो आला होता रे. घरी यायला निघाला होता. त्याची जागा मी दुसऱ्याला देऊन बसले होते."

"मग आता घरात जो आहे त्याच्याशी बोल ना," मी म्हटलं. "सरळ विचार, तू कोण म्हणून."

"आणि त्यानं सांगितलं तर?"



हल्ली ताई रोज झोपायच्या आधी घराच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवते. गुपचूप. कुणी आलंच तर वाजवत बसायला नको म्हणून.

आणि रोज सकाळी ती कडी आतून लावलेली असते.

याबद्दल त्या घरात कुणी एक शब्द बोलत नाही. मी अधूनमधून जातो. तो हसून स्वागत करतो, चहा फार उत्तम करतो. मी त्याला अजून भाऊजीच म्हणतो. पण तिथे मुक्कामाला राहायचं मी आता सोडून दिलंय.